पहिलं पुस्तक लिहायचंय पण भीती वाटते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तक लिहायचंय म्हणणारी माणसं आमच्या लेखनवर्गात येतात, मेल करतात, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप करतात आणि फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. इथे पुस्तक म्हणजे कादंबरी, आत्मकथन, कथा, ललित असलं गद्य. कवितेचं गणित वेगळं, ते घेतलेलं नाही. छपाई, करार वगैरे मुद्दाम शेवटी ढकललंय, कारण एक पान लिहिलेलं नसताना लोक आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) कसा काढायचा विचारतात, आणि माझ्या मते तो पळ काढायचाच एक प्रकार आहे.

१. कित्येक वर्षं पुस्तक डोक्यात आहे, पण लिहायला बसलं की पोटात गोळा येतो. ही भीती जाते का कधी?

पूर्ण नाही जात. चार-चार पुस्तकं आलेली माणसंही नवीन फाइल उघडली की चहा करायला उठतात, मग ओटा पुसतात, मग फ्रीज आवरायला घेतात. पण भीती नेमकी कसली आहे ते एकदा बघून घ्या. मी ज्यांना ज्यांना खोदून विचारलं त्यातल्या बहुतेकांना लिहायची भीती नव्हतीच, दुसऱ्याने वाचायची होती. शाळेतल्या बाई काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील, ऑफिसातला तो भरपूर वाचणारा माणूस मनातल्या मनात हसेल का. अहो पण ही मंडळी अजून आलेलीच नाहीत, तुम्ही दाखवाल तेव्हा येणार. कच्चा खर्डा कोणालाही दाखवायचा नाही हे आधीच ठरवून टाका आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा, 'हे कोणाला दाखवायचं नाही'. बालिश वाटतं, पण उपयोग होतो. खालच्या निम्म्या उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या प्रकारे सांगणार आहे.

२. सुरुवात कुठून करू? पहिलं वाक्यच सुचत नाही.

पहिलं वाक्य पहिल्यांदा लिहायचं नसतं. पुस्तक संपत आलं की आपल्याला कळतं ते कशाबद्दल होतं, तेव्हा पहिलं वाक्य लिहा. आत्ता तो तुकडा उचला जो तुम्ही लोकांना तोंडी सांगत आलाय, ज्यावर समोरचा 'मग पुढे?' म्हणतो. तुमच्याकडे असा एक तरी असतोच.

आणि मोठ्या घटनेपासून सुरू करू नका. समजा १९८२ च्या गिरणी संपाच्या काळातल्या घरावर लिहायचंय, तर लोक सुरुवात करतात दत्ता सामंत, गिरण्यांची संख्या, संपाच्या मागण्या, आणि दोन पानांत स्वतःच कंटाळतात, कारण तो पेपरातला मजकूर झाला. वाण्याने उधारी बंद केली त्या संध्याकाळपासून लिहा ना. वडील दुपारी घरी दिसायला लागले, ते घरात कुठे बसायचे, आईने पहिल्यांदा बाहेरचं काम धरलं ते कसलं होतं. संप आपोआप येतो त्यात. किल्लारीचा भूकंप असो, धरणात गेलेलं गाव असो, तसंच.

तरी हात चालत नसेल तर दोन गोष्टी करून बघा. एक, 'प्रिय अमुक' लिहून ज्याला हे सांगावंसं वाटतं त्याला पत्र लिहायला घ्या, 'प्रिय' नंतर खोडता येतं. दोन, फोनवर रेकॉर्डिंग लावून बोला आणि मग ऐकत ऐकत उतरवून काढा. बोलताना तुमची जी वाक्यं येतात ती बऱ्याचदा लिहिलेल्यापेक्षा चांगली असतात, कारण त्यात 'सदर', 'याप्रसंगी', 'अविस्मरणीय' असलं काही नसतं.

३. आधी पूर्ण आराखडा करावा लागतो का?

रहस्यकथा असेल तर शेवट माहीत असलेला बरा. बाकी गद्याला एक कागद पुरतो, त्यावर दहा-बारा प्रसंग, क्रम कुठलाही. आराखडाच सहा महिने चालला असेल तर थांबवा आणि प्रश्न २ मधलं करा.

४. ऐतिहासिक कादंबरी लिहायचीये. वाचन संपतच नाही, अजून संदर्भ बाकी आहेत. कधी सुरू करू?

आत्ता. पुण्यातलं पेशवे दफ्तर कोणा एका माणसाच्या आयुष्यात वाचून संपणारं नाही, त्यात ते बहुतांश मोडी लिपीत आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसणं, जुनी गॅझेटियर्स चाळणं हे सगळं छान असतं आणि कोणी आपल्याला आळशी म्हणत नाही, तिथेच खरी गोम आहे. अभ्यास करणारा माणूस कधी नापास होत नाही, लिहिणारा होऊ शकतो, म्हणून आपण अभ्यासात लपतो.

लिहिताना जे माहीत नाही तिथे चौकटी कंसात 'तपासा' लिहा आणि पुढे जा. घोड्याच्या खोगिराचा कुठला भाग, त्या साली किल्लेदार कोण, सगळं नंतर. खर्डा झाला की त्या 'तपासा'ची यादी काढायची, तेव्हा कळतं की खरोखर शोधावं लागेल असं मोजकंच आहे. ते मात्र नीट शोधा, शिवकाळातल्या वाड्यात पाहुण्याला चहा दिलात तर पुढचं पुस्तक कोणी गंभीरपणे वाचणार नाही.

५. मला शुद्धलेखन येत नाही, ऱ्हस्व-दीर्घ कायम चुकतं. अशा माणसाने पुस्तक लिहावं का?

लिहावं. मुद्रितशोधन नावाचं काम असतं, ते करणारी माणसं असतात, पैसे घेतात आणि चुका काढतात. चाळीस वर्षांपूर्वी वहीवर मारलेली लाल रेघ अजून माणसाचा हात धरून ठेवते, याचा मला फार राग येतो.

तरी थोडं शिकून घेतलं तर कॉन्फिडन्स येतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण १८ आहेत, पाठ करायची गरज नाही, रोजच्या चुकांपैकी बऱ्याच दोन गोष्टींनी कमी होतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत साधारणपणे दीर्घ (पाटी, गुरू, वस्तू), 'आणि' आणि 'नि' हे अपवाद. आणि शब्दाला शेपूट लागलं की मधला दीर्घ ऱ्हस्व होतो, वीट पण विटा, फूल पण फुलं, सून पण सुना. एवढं जमलं तरी पुष्कळ. पण हे सगळं दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी, पहिल्यात चुकू द्या.

६. माझी भाषा गावाकडची आहे (वऱ्हाडी / अहिराणी / मालवणी). पुस्तकात चालेल का, की प्रमाण भाषेतच लिहू?

चालेल का काय, चाललेलीच आहे. बहिणाबाईंनी स्वतः अक्षर लिहिलं नाही, त्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी उतरवून ठेवल्या आणि १९५२ मध्ये छापून आल्या, त्या जळगावकडच्या बोलीसकट. ती बोली 'सुधारून' घेतली असती तर काय उरलं असतं?

आता व्यवहार. निवेदन करणारा कोण आहे ते ठरवा. आजी सांगतेय तर सगळंच आजीच्या तोंडचं येऊ द्या, शहरात शिकून आलेला नातू सांगतोय तर निवेदन त्याचं आणि संवाद ज्याचे त्याचे. घोळ होतो तो अर्धवटपणामुळे, म्हणजे एका पानावर 'म्हनला', पुढच्यावर 'म्हणाला', तिसऱ्यावर 'म्हनाला'. एक कागद करा, आपण कुठला शब्द कसा लिहिणार त्याची यादी, तोच पुढे मुद्रितशोधकाला द्या, नाहीतर तो बिचारा प्रामाणिकपणे तुमची सगळी बोली दुरुस्त करून टाकेल. आणि प्रत्येक शब्दाला तळटीप नको, संदर्भातून कळतं वाचकाला.

७. वेळच मिळत नाही. नोकरी, लोकल, मुलं, सासूबाईंचं आजारपण. कधी लिहायचं?

वेळ मिळत नाही हे खरंय, मी त्यावर वाद घालणार नाही, पहाटे चारला उठा वगैरे सांगणाऱ्यांच्या घरी बहुतेक डबा दुसरं कोणीतरी भरत असतं. गणित सांगतो. दिवसाला २०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १००० शब्द. वर्षात दोन आठवडे गणपती-दिवाळीला सोडले तरी ५०,००० शब्द होतात. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे १७० ते २०० पानांचं पुस्तक. २०० शब्द म्हणजे किती, तर बहिणीला भांडून पाठवलेला एक मोठा व्हॉट्सॲप मेसेज. तो तुम्ही डोंबिवली ते घाटकोपर उभ्याने टाइप करता.

रविवारी एकदम बसून लिहीन म्हणणाऱ्यांचे रविवार कुठे जातात ते आपल्याला माहितीये. रोज शक्य नसेल तर आठवड्यातले तीन वार धरा, पण वार ठरलेले हवेत. सुटला दिवस तर सुटला, दुसऱ्या दिवशी ४०० शब्दांची शिक्षा लावून घेऊ नका, त्यानेच माणूस सोडतो.

८. पुस्तक किती मोठं असावं लागतं?

असा नियम नाही. ९०-१०० पानांची पुस्तकंही येतात आणि लोक ती आनंदाने वाचतात. छपाई १६ पानांच्या फॉर्मच्या (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याच्या) हिशोबात होते एवढं लक्षात ठेवा, त्यामुळे शेवटी दोन-चार पानं वाढव किंवा कमी कर असं सांगतात. ते तेव्हा बघू.

९. वहीत लिहू की लॅपटॉपवर की मोबाइलवर?

जिथे भीती कमी वाटते तिथे. काहींना लॅपटॉपवर टाइप केलं की ते लगेच 'छापल्यासारखं' दिसतं आणि हात आखडतो, त्यांनी वही घ्यावी, तीही साधी, दोनशे पानी. चामड्याच्या कव्हरची सुंदर डायरी भेट मिळालेली असते ना, ती कोरीच राहते, तिच्यात वाईट लिहायची हिंमत होत नाही.

टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतं. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधल्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की खिचडी दिसते, आणि काही छापखाने अजून त्याच फॉन्टमध्ये काम करतात, पण ते बदलून घेणं त्यांचं काम. बोलून टाइप करायची सोय मोबाइलच्या कीबोर्डमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये मराठीसाठी आहे, खर्ड्यासाठी झकास, फक्त विशेषनामं आणि विरामचिन्हं नंतर हाताने सारखी करावी लागतात. आणि वहीची पानं आठवड्याला फोटो काढून ठेवा, रद्दीवाल्याला कादंबरी गेल्याच्या कथा मी ऐकल्यात.

१०. पहिली तीन पानंच पुन्हा पुन्हा दुरुस्त करते. पुढे सरकतच नाही.

ही भीतीच आहे, फक्त मेहनतीचे कपडे घालून आलेली. उपाय थोडा कडक आहे, पण आहे: काल लिहिलेलं आज वाचायचं नाही, फक्त शेवटची ओळ बघायची आणि तिथून पुढे. वहीत असाल तर मागची पानं रबर बँडने बांधून टाका. दुरुस्त करायची हुक्की आलीच तर वेगळ्या कागदावर लिहा, 'पान २, मावशीचं वर्णन लांबलंय', आणि पुढे चला. मी हे सांगितल्यावर बायका विशेषतः म्हणतात की पसारा तसाच टाकून पुढे जायला जमत नाही, कळतं मला, पण पुढची पानं झाल्यावर पहिली तीन बहुतेक वेळा कापावीच लागतात, मग आत्ता त्यांना इस्त्री कशाला?

११. चाळीसएक पानं झाली आणि आता सगळं भिकार वाटतंय. सोडून देऊ का?

चाळीस-पन्नास पानांवर हे जवळजवळ सगळ्यांना होतं. सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो, शेवट दिसत नसतो, आणि तुमची चांगलं-वाईट ओळखायची नजर तुमच्या हातापेक्षा पुढे असते, ती इतकी वर्षं चांगली पुस्तकं वाचून तयार झालीये. म्हणून वाईट वाटतं. खरंच वाईट आहे का ते आत्ता ठरवायचं नाही.

एक मात्र तपासा: लिहायचा कंटाळा आलाय की या विषयाचाच? पहिलं असेल तर मधला भाग सोडून तुम्हाला खुणावणारा पुढचा प्रसंग लिहा, जोड नंतर देऊ. विषयाचाच कंटाळा असेल तर महिनाभर बाजूला ठेवा, फाडू नका. कधीकधी ती चाळीस पानं म्हणजे एक चांगली दीर्घकथा असते आणि आपण उगाच तिला कादंबरी म्हणत असतो, मग दिवाळी अंकाकडे पाठवायची. अंकांच्या संपादकांना कथा उन्हाळा-पावसाळ्यातच लागतात हो, ऑक्टोबरात पाठवून उपयोग नाही.

१२. घरच्यांबद्दल, गावाबद्दल लिहायचंय. नातेवाईक दुखावतील. केस होऊ शकते का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला खर्डा खऱ्या नावांनीच लिहा. काकाचं नाव सुरुवातीलाच बदललं की काका खोटा व्हायला लागतो, त्याची तपकिरीची डबी जाते, बोलणं गुळगुळीत होतं. कोणाला दाखवणार नाही असं ठरलंय (प्रश्न १), मग कोण दुखावणार? नावं, गावं, धंदे हे सगळं छापायच्या आधी बदलता येतं.

छापायच्या वेळी मात्र विचार करावा लागतो. बदनामी हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, समाजसेवेचीही तरतूद आहे. शिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. 'खरं आहे ना मग झालं' असं लोक म्हणतात, ते अर्धंच बरोबर, कारण फौजदारीतला तो अपवाद खरं असणं आणि ते लोकहितासाठी सांगितलेलं असणं, दोन्ही मागतो. नाव बदललं की सुटलो हाही गैरसमज आहे, तीनशे उंबऱ्यांच्या गावात एकच डॉक्टर असेल तर नाव काहीही ठेवा, ओळखणारे ओळखतात. पुढे 'सर्व पात्रे काल्पनिक' छापलं तरी ती ढाल नाही. आणि माणूस वारलाय म्हणून काहीही लिहिता येतं असंही नाही, मृताबद्दलचं लिखाण जर त्याच्या जिवंतपणी बदनामी ठरलं असतं आणि घरच्यांना दुखवायच्या हेतूने केलं असेल तर तेही यात बसतं. गुन्हा, व्यसन, लैंगिक अत्याचार, कोणाचा आजार असलं काही जिवंत माणसाच्या ओळखीसकट येत असेल तर छापण्याआधी वकिलाला दाखवा, ती फी वाचवू नका.

कायद्यापलीकडचं दुखावणं असतंच. त्यावर माझं मत असं की स्वतःला सगळ्यात कमी सूट द्या. ज्या आत्मकथनात लेखक सोडून सगळे वाईट असतात ते वाचवत नाही, आणि नातेवाईकही त्याच पुस्तकावर जास्त चिडतात.

१३. जुन्या वाईट आठवणी लिहायला घेतल्या की छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. तरी रेटून लिहू का?

नाही, रेटू नका. ही प्रश्न १ मधली भीती नाही. त्या प्रकरणाला सध्या हात लावू नका, त्याच्या आजूबाजूचं लिहा, घर, रस्ता, त्या वर्षीचा पाऊस. ठरलेला वेळ संपला की उठून माणसांत जा. झोप सलग उडत असेल तर समुपदेशकाशी किंवा डॉक्टरशी बोला, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. काही आठवणी लिहिल्याच नाहीत तरी पुस्तक होतं.

१४. घरात कोणाला सांगितलेलं नाही, लपवून लिहिते. चुकतंय का माझं?

अजिबात नाही. फलटणकडच्या बेबीताई कांबळे वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या, आणि त्यातून १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं. सांगून लिहायला लागलं की 'झालं का पुस्तक?' सुरू होतं, हळदीकुंकवालासुद्धा. लपवून लिहिणारीला निदान तो त्रास नाही. फक्त फाइलला पासवर्ड ठेवा आणि फाइलचं नाव 'किराणा यादी' ठेवू नका, ती उघडतात लोक.

१५. माझं वय ६८. आता सुरू करून काय होणार?

लक्ष्मीबाई टिळक लिहायवाचायला लग्नानंतर शिकल्या, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा दोनच वर्षं जास्त आहेत. डोळ्यांचा त्रास असेल तर बोलून टाइप करा (प्रश्न ९), नातवाला फक्त सेटिंगपुरतं बोलवा.

१६. मी पंचवीस वर्षं बाहेर आहे, मराठी गंजलीये, मधे मधे इंग्रजी येतं. इंग्रजीतच लिहू का?

ज्या भाषेत तो प्रसंग घडला त्या भाषेत लिहून बघा. न्यू जर्सीतल्या ऑफिसातलं भांडण इंग्रजीत डोक्यात येणारच, सांगलीतल्या आजोळचं येणार नाही. गंज जायला महिनाभर पुरतो बहुतेकांना, रोज दहा पानं मराठी मोठ्याने वाचायची. आणि इंग्रजी शब्द आला तर येऊ द्या, इथे पुण्यातही आम्ही 'ॲडजस्ट' करतोच. खटकतं ते पंचवीस वर्षांपूर्वीची गोठलेली मराठी जपून वापरणं, त्यातली पात्रं रंगभूमीवर उभी असल्यासारखी बोलतात.

१७. माझ्या विषयावर आधीच पुस्तकं आहेत. मग माझं कोण वाचेल?

मुंबईच्या चाळीवर किती लिहिलं गेलं, तरी कोणी नीट लिहिलं की वाचतातच. तुमची चाळ कुठली, नळाला पाणी कितीला यायचं, भांडण कशावरून व्हायचं, ते तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. खर्डा होईपर्यंत मात्र त्या विषयावरची बाकीची पुस्तकं वाचू नका, नंतर सगळी वाचा.

१८. एआयकडून लिहून घेतलं तर? निदान सुरुवात?

शुद्धलेखन तपासायला, टाइप केलेलं नीट लावायला वापरा, बरं पडतं. सुरुवात त्याच्याकडून घेतली तर पुढची दोनशे पानं तुम्हाला त्या आवाजात लिहावी लागतील आणि तो आवाज तुमचा नाही. तुमचं मोडकं पान कितीही मोडकं असलं तरी ते पुढे कुठे जायचं ते तुम्हाला ठाऊक असतं.

१९. पहिल्यांदा कोणाला वाचायला देऊ?

पूर्ण खर्डा झाल्यावर, महिनाभर झाकून ठेवल्यावर, एकदा स्वतः दुरुस्त केल्यावर, दोन माणसांना. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, तिथे सात जण न वाचता अंगठा देतात आणि एक जण शुद्धलेखन काढतो. नवरा-बायको शक्यतो दुसऱ्या फेरीत. निवडा असं माणूस जे पुस्तकं वाचतं आणि तुमच्याशी खोटं बोलायची त्याला गरज नाही. 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान' येणार, म्हणून विचारा: कुठे कंटाळा आला, कुठे कोण बोलतंय ते कळेना, कुठलं पात्र लक्षात राहिलं. ऐकताना गप्प बसा, लिहून घ्या. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा दुरुस्त करा, एकट्याने ठेवलं तर विचार करा.

२०. कोणाला दिलं आणि त्याने चोरलं तर? आणि मी दुसऱ्याचं गाणं, कविता वापरू शकतो का?

तुम्ही लिहिलंत त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर कॉपीराइट ऑफिसकडे ऑनलाइन होते, साहित्यकृतीला फी ५०० रुपये. तारखेसकट स्वतःला मेल करून ठेवलं तरी कधी लिहिलं ते दाखवता येतं. कल्पनेवर मात्र हक्क नसतो, लिहिलेल्यावर असतो, म्हणून कल्पना सांगत फिरण्यापेक्षा लिहून काढा.

दुसऱ्याचं वापरताना: आपल्याकडे मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लिखाण २०११ पासून मोकळं आहे. तुकोबांचे अभंग मोकळे, पण कोणी अलीकडे लिहिलेली त्यावरची टीका नाही. सिनेमातलं गाणं, भावगीत यांच्या ओळी छापायच्या तर हक्कदाराची लेखी परवानगी घ्या किंवा नुसतं 'रेडिओवर ते गाणं लागलं होतं' म्हणा, वाचकाच्या कानात वाजतं ते.

२१. खर्डा तयार आहे पण प्रकाशकाकडे पाठवायची हिंमत नाही. शिवाय एकाने पैसे मागितले, ते बरोबर आहे का?

प्रकाशकाला रोज बाडं येतात, तुमचं बघून तो दचकणार नाही. आधी त्याची गेल्या दोन-तीन वर्षांतली पुस्तकं बघा, तुमच्या पुस्तकासारखं काही काढतो का. मग एका पानाचं पत्र, पुस्तक कशाबद्दल, किती शब्द, आणि दोन-तीन प्रकरणं. उत्तराला महिने लागतात, कित्येकदा येतच नाही, दोन महिन्यांनी एक फोन करावा आणि दुसरीकडे पाठवावं. नकाराचं कारण पुष्कळदा त्यांचं यंदाचं बजेट असतं.

पैसे देऊन छापणं वाईट नाही, फक्त त्याला काय म्हणतात ते दोघांनाही स्पष्ट हवं. किती प्रती, त्या कोणाच्या ताब्यात, विक्री कोण करणार, हे लेखी घ्या. आयएसबीएनसाठी वेगळे पैसे मागितले तर विचारा कशाचे, कारण राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून तो फुकट मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघते तेव्हा नियम वाचून अर्ज करा.

करारात मुदत आणि प्रदेश लिहिलाय का बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. 'सर्व हक्क कायमचे' असं असेल तर सही करू नका, भाषांतर, ऑडिओ, सिनेमा हे सगळं त्यात जातं.

२२. मी सरकारी नोकरीत आहे. पुस्तक काढता येतं का?

निव्वळ साहित्यिक लिखाणाला साधारणपणे मोकळीक असते, पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये शासनावर टीका आणि कामातून कळलेली माहिती यावर बंधनं आहेत. तहसील कचेरीत बसून तहसील कचेरीवरच कादंबरी लिहीत असाल तर आस्थापना शाखेकडून लेखी विचारून घ्या. पण विचारायचं छापायच्या वेळी, लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

२३. टोपणनावाने लिहिलं तर भीती कमी होईल का?

काहींची होते, करून बघा. करारावर खरंच नाव लागतं आणि रॉयल्टीसाठी पॅनही, त्यामुळे प्रकाशकाला तुम्ही कोण ते कळणारच, ते गुप्त ठेवायचं कलम करारात घालून घ्या. कॉपीराइटची मुदतही बदलते, टोपणनावाच्या पुस्तकाला ती प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात, मुदत संपायच्या आत खरं नाव जाहीर केलं तर मग हयातीनंतरची ६०. प्रश्न १२ आणि २२ मधलं काही टोपणनावाने टळत नाही. आणि प्रकाशन समारंभ ठेवायचा की नाही ते आधी ठरवा, कारण टोपणनाव घेऊन मग दादरला कार्यक्रम आणि पत्रिकेवर फोटो, असं झालेलं मी पाहिलंय.